तलावातला रेघांचा दगड

हळू या, पाळ ओली आहे. बोलतोय तो मी, तलावातला उभा दगड. अर्धा पाण्यात, अर्धा उन्हात. निम्मं आयुष्य झोपेत गेलंय माझं, तेव्हा बोलता बोलता गुंगलो तर रागावू नका.

आमच्या धानाच्या मुलखातल्या प्रतापगडाच्या बाजूच्या एका टेकडीतून मला फोडून आणलं. पाथरवटानं अंगावर आडव्या रेघा कोरल्या, त्यातली एक चांगली खोल. गावाचं ठरलेलं साधं होतं. पाणी त्या खोल रेघेच्या वर असेल तोवर धानाला सोडायचं. रेघेला टेकलं की तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, बंद. उरलेलं पाणी मासोळीचं. मी ना धान खातो ना मासोळी, म्हणून माझं सांगणं सगळ्यांना चालायचं.

मग कुणाचा तरी माझ्यापाशी केलेला नवस फळला म्हणे. मला काही आठवत नाही, बहुधा झोपलो असेन. पण तेव्हापासून शेंदूर आणि तेल चढू लागलं, पुटावर पूट. रेघा बुजल्या. देवाचा शेंदूर खरवडायचा कसा, म्हणून कुणी हात लावेना. माझा मान वाढला आणि मला विचारणं थांबलं. फार एकटं वाटायचं.

यंदा पाऊस लवकर परतला. शालीकरामचं धान लोंबीवर आलेलं, त्याला शेवटचं एक पाणी हवं होतं. इथंच जाळं टाकणाऱ्या चैतरामची मासोळी अजून बोटाएवढी होती, तिला वाढायला पाणी हवं होतं.

"रेघ बुडूनच आहे. तू लबाड बोलून रायला," शालीकराम पाळीवरून म्हणाला.

"रेघ कवाची उघडी पडली. लबाड तू," चैतराम डोंग्यातून, आपल्या लहानशा होडीतून म्हणाला.

दोघंही माझ्याकडे बोट दाखवत होते आणि मी शेंदरात गुडूप. त्यांचं बोलणं तुटलं, घरच्या बायकांचं येणंजाणंही तुटलं.

शेवटी दोघांच्याच संमतीनं जवळच्याच गोरेगावच्या रुक्माबाईंना बोलावलं. त्यांचं इथं ना शेत, ना जाळं, ना सोयरीक. पाळीवरच त्यांनी सांगून टाकलं, "मी न्याय कराले नाही आली. जे आहे ते पाहून सांगीन, बस."

दोघांना डोंग्यात घेऊन त्या माझ्याजवळ आल्या. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

"रेघ कोणती?"

दोघांची बोटं शेंदरावरच इकडेतिकडे फिरली.

"म्हणजे न पाहताच भांडून रायले तुम्ही?"

"देव आहे तो, बाई," शालीकराम पुटपुटला. "खरवडाचं कसं?"

"मी देव मानत नाही, पण तुमचा मान मोडत नाही. आंघोळ घाला त्याले, दोघं मिळून. देवाले आंघोळ त चालते ना?"

मग एकानं तेल चोळलं, दुसऱ्यानं नारळाच्या शेंडीनं घासलं. खपल्या पाण्यात पडत होत्या, मासोळ्या त्यांना हुंगून परत जात होत्या. कितीतरी वर्षांनी अंगाला वारा लागला. मला रडू आलं असतं, पण दगडाचं रडणं कोण पाहतो.

खोल रेघ उघडी झाली. रुक्माबाईंनी तिच्यावर बोट ठेवलं. "पाणी रेघेच्या खाली गेलं आहे." एवढंच बोलून त्या थांबल्या.

शालीकरामनं रेघेवरून हात फिरवला. "गेलं माझं धान."

चैतरामनं वल्हं डोंग्यात ठेवलं. "मले पाण्याचं दुखत नव्हतं, शालीकराम. लबाड म्हटलं ते दुखत होतं."

"चुकलं माझं."

"त घे एक पाणी. आमच्या लोकायले मी सांगतो. मासोळी राहीन खोलात."

संध्याकाळी तुडूम उघडलं. आता पाणी पार खाली आहे, बोटाएवढ्या मासोळ्या माझ्या पायाशी दाटीनं फिरतात, आणि पाळीपलीकडून पिकत्या धानाची सळसळ ऐकू येते. ऐकता ऐकता डोळा लागतो.

परवा कुणीतरी पुन्हा शेंदूर घेऊन आलं होतं. चैतरामनं तो माझ्या डोक्याला लावू दिला, रेघांना नाही. पाया पडा हवं तर, मला आवडतं. पण भांडण झालं की आधी जवळ येऊन मला पाहा.