एकशे बेचाळीस मोहनराव

निजामाच्या राज्यात, फसली तेराशे पस्तीस साली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पंचवीस-सव्वीसच्या सुमारास, मुंबईच्या एका चहा कंपनीनं आमच्या गावावर मेहेरबानी करायचं ठरवलं. चहा फुकट प्यायचा आणि नाव सांगायचं. नावाची चिठ्ठी पेटीत पडणार, सोडतीत ज्याची निघेल त्याला भिंतीवरचं घड्याळ. कंपनीचा माणूस बद्रीनाथ बीडहून येऊन पारावर चूल मांडून बसला. सोडत धड झाली तर त्याची नोकरी कायम होणार होती, आणि त्याचं लग्न त्या 'कायम'साठी थांबलं होतं.

चहा लोकांनी प्यायला. नावाचं निघालं की मात्र कप खाली ठेवायचे. आमच्याकडे कागदावर नाव चढलं की माणूस वेठीला जायचा, साहेबाच्या दौऱ्यात फुकट ओझी वाहायला. ती यादी मोहनराव पाटील करायचे.

"नाव कावून पायजे?" साखराबाईनं विचारलं.

"घड्याळासाठी, मावशी."

"अन् घड्याळ कावून देता?"

"चहासाठी."

"च्या तर मी पेले की." तिनं घटकाभर विचार केला. "लिवा. मोहनराव."

"बाईचं नाव मोहनराव?"

"नवसाचं हाय."

मागच्या सटवानंही तेच नाव सांगितलं. त्याच्या मागच्या बंकटनंही. संध्याकाळपर्यंत एकशे बेचाळीस मोहनराव झाले. बद्रीनाथला वाटलं, पाटलांचा गावात लईच मान दिसतो. शेवटी खुद्द पाटील आले. चहा घेतला नाही. कागदावर चढलेल्या नावाचं काय होतं, ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. गावात लिहिता येणारे ते एकटेच, त्यामुळे चिठ्ठी स्वतः लिहिली, घडी घालून पेटीत टाकली.

दुसऱ्या दिवशी पाटोद्याचे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, सोडतीला आले. त्यांनी एक चिठ्ठी काढली, वाचली.

"बद्रीनाथ कौन?"

"मीच, हुजूर."

"बहोत खूब!"

"हे अक्षर माझं नाही, हुजूर! पाटलांचं आहे!"

साहेबांनी दुसरी काढली. मोहनराव. तिसरी, मोहनराव. अकराव्या मोहनरावाला त्यांनी पेटीच उपडी केली.

पाटील पांढरेफटक पडले. "हुजूर, कुणीतरी माझ्यावर कारस्थान केलंय!"

"दोनों मिले हुए हैं," साहेब म्हणाले. घड्याळ जप्त झालं.

बद्रीनाथनं हात जोडले. शेवटी साहेब एवढं म्हणाले, की ती चिठ्ठी पाटलांनीच टाकली असं पाच पंच नावानिशी जबाब देतील, तर याच्यावरचा आळ काढतो.

टाकताना अख्ख्या गावानं पाहिलं होतं. "सांगा की कुणीतरी," बद्रीनाथ म्हणाला, "माझी नोकरी जाईल हो."

लोकांना दया आली. आमचं गाव तसं वाईट नाही. साखराबाई, सटवा, बंकट आणि आणखी दोघं पुढं झाले, आणि पाहिलं ते खरंखरं सांगितलं. साहेबांनी टाक दौतीत बुडवला.

"नाम?"

साखराबाईनं पाटलांकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, पदर सावरला.

"मोहनराव," ती म्हणाली. मागच्या चौघांनी माना डोलावल्या.

बद्रीनाथ उठला आणि चहाचं पातेलं घासायला बसला. ते तरी कंपनीला परत करायचं होतं.