पाच शे

नरडाण्याच्या गोदामात नवी बाई आली आणि सगळ्यांनी तिचं कौतुक कानांनीच केलं, कारण डोळ्यांना दिसायची तिची सोयच नव्हती. ती हेडफोनमधून बोलायची. नाव सखी. कुठल्या दुकानाला किती माल धाडायचा हे आता तीच ठरवणार होती, आणि कामावर कोणी यायचं, सुट्टी कोणी घ्यायची हेसुद्धा. हुशारी कृत्रिम, पण तोरा अगदी अस्सल!

रूपाला तिच्याकडून एकच हवं होतं, आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, माहेरी जायला सुट्टी. लग्नानंतरची पहिलीच आखाजी. यावलहून माय, सुंदरबाई, रोज फोनवर विचारायची, "झोका बांधेल शे, कवय येस व?" आपण गेलो नाही तर माय त्या रिकाम्या झोक्याकडे बघत बसेल, या विचारानेच रूपाचा जीव तुटायचा. सखीने सुट्टी मंजूर केली तेव्हा तिने हेडफोनलाच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी मालाची मोजणी निघाली.

"शेंगदाणा तेल किती?" सखीने विचारलं.

रूपाने डबे बघितले. "पाच शे," ती म्हणाली. म्हणजे पाच आहेत, एवढंच. घरीदारी अहिराणीत बोलतात तसं.

"नोंद झाली," सखी म्हणाली.

संध्याकाळी सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. सणाआधी तेलाचे पाचशे डबे दुकानांत पोचवायचे म्हणजे सगळे हात लागणार, असा सखीचा हिशेब. रूपाच्या पायाखालची जमीन सरकली. स्वतःच्याच तोंडाने घालवली की सुट्टी!

तिने हेडफोन चढवला. "अवं, पाचशे नई! पाच शे!"

"पाचशे नाही, पाचशे," सखी शांतपणे म्हणाली. "कृपया एकदाच काय ते ठरवा."

रूपा तडक मॅनेजर भूपेंद्रभाऊंकडे गेली. भाऊ शिंदखेडा तालुक्यातलेच, पण ऑफिसात शिरले की त्यांच्या मराठीला इस्त्री व्हायची.

"रूपाताई, यंत्राशी प्रमाण भाषेत बोलावं लागतं," ते म्हणाले. "बघा, मी सांगतो." त्यांनी डबे मोजले, हेडफोन लावला, घसा खाकरला आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, "तेल पाच शे!"

"पाचशे. मॅनेजरकडून खात्री झाली," सखी म्हणाली.

भाऊंचे कान लाल झाले. रूपाने ओठ दाबून हसू आवरलं, पण डोळ्यांत पाणीच होतं. ते बघून भाऊ खुर्चीत नीट बसले, तोंडावर हात ठेवला, आणि हात काढून फक्त "पाच" एवढंच बोलले. पुन्हा चटकन हात तोंडावर! सखीने नोंद पाचावर आणली आणि सुट्ट्या परत दिल्या.

यावलला झोक्यावर बसून रूपाने मायला हे सगळं साग्रसंगीत सांगितलं. माय पदर तोंडाला लावून हसली. मग झोक्याची दोरी धरून तिने हळूच विचारलं, "कितला दिननी सुट्टी शे व तुनी?"

"दोन शे," रूपा म्हणाली.

"दोनशे?" मायने दोरी घट्ट धरली. "बरं, आते मांगे फिरानं नई. नोंद व्हई गई."

रूपाला हसता हसता रडू आलं.