परवडण्याची व्याख्या

घरमालकाने महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितल्यापासून टंकलेखिका बाईंचा जीव टांगणीला लागला होता. दुपारी एक भाड्याची खोली बघायची होती, म्हणून अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज घेऊन त्या गृहनिर्माण समितीपुढे ताटकळत उभ्या होत्या. समिती मात्र सकाळपासून ‘परवडणारं घर’ कशाला म्हणायचं यावरून हमरीतुमरीवर आली होती.

“सरासरी पगार धरू या,” अर्थतज्ज्ञ म्हणाले.

“कोणाचा?” अध्यक्षांनी विचारलं.

“ज्यांनी घरं घेतली त्यांचा! ज्यांना परवडलंच नाही, त्यांना परवडण्यातलं काय कळतंय?”

हे सगळ्यांना एकदम पटलं. आकडे मांडले, आणि शहरातली यच्चयावत घरं परवडणारी निघाली.

अध्यक्षांनी समाधानाने बाईंचा अर्ज वाचला. “अहो बाई, आता घर परवडतंय की! मग भाड्याची खोली कशाला बघता? रजा नामंजूर.”

बाईंनी मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली, ‘भाड्याची खोली’ खोडून ‘स्वतःचं घर’ असं लिहिलं आणि अर्ज पुन्हा पुढे सरकवला.

“शाब्बास! या आपल्या पहिल्या लाभार्थी!” अध्यक्षांनी सही ठोकली आणि सदस्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबायच्या आत बाई भाड्याची खोली बघायला जिना उतरल्यासुद्धा.