पिशवी कोणी लावायची

श्रीलक्ष्मीला नणंदेचा मत्सर वाटू लागला तो दीपू वाचल्यानंतर. पोर हाती लागते की नाही म्हणून जीव टांगणीला लागला होता तोवर दोघी एकमेकींना धरून होत्या.

दीपू म्हणजे दीपश्री, श्रीलक्ष्मीची चार वर्षांची मुलगी. दोन वर्षांची असताना तिच्या आतड्याला पीळ पडला. बेंगळूरला नेईपर्यंत बहुतेक लहान आतडं काळं पडलं होतं, ते काढून टाकावं लागलं. उरलं ते वीतभर. एवढ्याशा आतड्याला खाल्लेलं पुरतं शोषता येत नाही. म्हणून छातीत एक बारीक नळी बसवली. रोज संध्याकाळी तिला दुधासारख्या पांढऱ्या द्रवाची पिशवी जोडायची. रात्रभर थेंबथेंब रक्तात उतरणारं तेच दीपूचं जेवण. हात स्वच्छ नसला तर जंतू नळीतून थेट रक्तात जातील, असं डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा बजावलं होतं.

पिशवी जोडायला दोघी शिकल्या, पण श्रीलक्ष्मीचा हात नळीपाशी गेला की थरथरायचा. तेव्हा सुमनक्का म्हणाल्या, "राहू दे, मी लावते." सुमनक्का श्रीलक्ष्मीच्या नवऱ्याची, श्रीवत्सची थोरली बहीण. लग्न केलेलं नाही, धारवाडच्या शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. हुबळीतल्या उणकलच्या घरी त्या महिनाभरासाठी म्हणून आल्या आणि राहिल्याच.

पहिल्यांदा श्रीलक्ष्मीला सुटल्यासारखं झालं. मग हळूहळू ते बदललं. संध्याकाळी सुमनक्का मास्क लावून खोलीत जायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. आत माणसं जितकी कमी तितकं बरं. आतून कन्नड गाणं ऐकू यायचं, दीपूचं खिदळणं ऐकू यायचं. श्रीलक्ष्मी फटीतून बघत उभी राहायची. नळीचं टोक त्या कसं धरतात, किती वेळ पुसतात, ते वाळेपर्यंत दीपूच्या कपाळाला कपाळ कसं टेकवतात, सगळं बघायची आणि तिच्या पोटात दुखायचं. मूल आपलं, आणि दाराबाहेर आपण.

खाण्याचं तेवढं तिच्याकडे होतं. उरलेलं आतडं हळूहळू शिकतं, म्हणून तोंडानंही थोडंथोडं द्यायचं असतं. ती मीठ घातलेली पेज करायची, केळं कुस्करायची. दोन घास झाले की दीपू तोंड फिरवायची. "आत्या भरवेल."

शेजारच्या अंबूताई एकदा म्हणाल्या, "आत्यानंच जगवली बघा पोरीला." त्या दिवशी पेजेचं पातेलं ओट्यावर जरा जोरातच आदळलं. श्रीवत्सजवळ मन मोकळं करायला गेली तर तो म्हणाला, "अक्का नसती तर काय केलं असतं गं आपण?"

यंदा दीपूचं वजन वाढलं आणि डॉक्टरांनी आठवड्यातली एक रात्र पिशवीला सुट्टी दिली. तशात बेळगावला नात्यातलं लग्न आलं.

"रविवारी पिशवी नाहीच," श्रीलक्ष्मी म्हणाली. "तुम्ही दोघं भावंडं जाऊन या, अक्का. किती दिवसांत कुठं गेला नाहीत."

सुमनक्कांचा पाय निघत नव्हता. श्रीलक्ष्मीनं त्यांची साडीसुद्धा स्वतः इस्त्री करून ठेवली.

सकाळी ती दीपूला उणकल तळ्यावर घेऊन गेली. दीपू आईचं बोट धरून बदकं बघत राहिली. आत्याचं नाव तिनं एकदाही काढलं नाही. श्रीलक्ष्मीनं ते मनात नोंदवलं आणि सुखावली.

घरी आल्यावर दीपू अंथरुणात मुरगळून पडली. अंग तापलं होतं आणि दात वाजत होते.

श्रीलक्ष्मीनं फोन उचलला, अक्कांचं नाव काढलं आणि थांबली. एक दिवस पाठ फिरवली तर ही गत, असं त्या म्हणणार. उन्हाचा ताप असेल, तिनं स्वतःला समजावलं. शाल पांघरली आणि पंखा बंद करून उशाशी बसली. दीपू पुटपुटली, "आत्याला बोलाव." ते ऐकून पोरीच्या काळजीच्या आधी मत्सर उसळला, आणि तो आपल्यातच उसळलेला पाहून ती घाबरली. नळी असलेल्या मुलाला ताप आला तर घरी थांबायचं नाही, हे तिला कुणी नव्यानं सांगायला नको होतं. तिनं दीपूला उचललं, रिक्षा बोलावली आणि वाटेतच अक्कांना फोन लावला.

हुबळीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बेंगळूरला विचारलं. त्याच नळीतून रक्त तपासायला घ्यायचं आणि औषध लगेच सुरू करायचं, असं ठरलं. नर्सनं खरं ते सांगितलं, "असली नळी आम्ही कधी हाताळली नाही. घरी कोण करतं?"

"माझी नणंद." मग श्रीलक्ष्मी म्हणाली, "मी करते. शिकलेय मी."

तिनं कोपरापर्यंत हात धुतले, हातमोजे चढवले. नळीचं टोक पुसताना लक्षात आलं, बोटांना सगळं येतंय. फटीतून डोळे लावून जळफळत बघितलेलं सगळं हातात उतरलं होतं. हात थरथरला नाही. नर्सनं सिरिंज पुढं केली आणि रक्त सरळ आलं.

सुमनक्का लग्नाच्याच साडीत धावत आल्या तेव्हा औषध चालू होतं.

"नळी कुणी उघडली?"

"मी."

"नीट पुसलीस? टोक वाळू दिलंस?"

"हो, अक्का."

"नळीला चिमटा लावायला विसरली नाहीस ना?"

"नाही."

त्या दीपूच्या पायथ्याशी बसल्या. आणखी काही विचारायला शोधत होत्या, सापडत नव्हतं. चूक सापडण्याची ती आशा श्रीलक्ष्मीनं ओळखली. ती स्वतः दोन वर्षं तीच घेऊन दाराशी उभी होती. तिला राग आला नाही, पण कीवही आली नाही. बरं वाटलं, आणि ते तिनं नाकारलं नाही.

"तुझा हात माझ्याहून हलका आहे," दीपूचं पांघरूण सारखं करत सुमनक्का म्हणाल्या. सांगताना त्यांना जड गेलं, हे दिसत होतं.

ताप उतरला, नळी वाचली आणि दीपू घरी आली. आता एक संध्याकाळ हिची, एक तिची. पाळी नसली की सुमनक्का तळ्यावर एकट्या फिरायला जातात आणि लवकरच परततात. श्रीलक्ष्मी लावते तेव्हा दीपू कुरकुरते, गाणं चुकलं म्हणून सांगते. श्रीलक्ष्मीला अजूनही टोचतं.

परवा डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर आणखी दोन रात्री कमी करू. पुढंमागं नळी काढताही येईल. श्रीवत्सच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघी बायका हसल्या, मात्र एकमेकींकडे बघायचं दोघींनीही टाळलं. बाहेर आल्यावर सुमनक्कांनी विचारलं, "उद्या पाळी कुणाची गं?"

पाळी श्रीलक्ष्मीची होती.

"तुमची," ती म्हणाली.