नवऱ्याचं नाव

मंगळवारी सकाळी साडेदहापासून आमच्या घरातलं जे मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसत नाही, ते नाहीसं होऊ लागलं. आधी गॅलरी गेली, वाळत घातलेल्या कपड्यांसकट. मग बाथरूम. फ्रिज गेला तेव्हा त्यावर मी चिकटवलेला सायबर पोलिसांचा नंबरही गेला.

मोबाइल जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकून उभा होता. त्यात खाकी कपड्यांतले एक साहेब आणि समोर खुर्चीवर माझी बायको, कुमुद. साहेबांनी तिला फोनवरच अटक केली होती. तिच्या नावाच्या पार्सलमध्ये काहीतरी भलतंच सापडलं म्हणे. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही आणि कुणाला सांगायचं नाही, असा हुकूम होता.

सगळं थोतांड. पोलीस फोनवर अटक करत नाहीत, ही बातमी मीच तिला पेपरातून दोनदा वाचून दाखवली होती. दोन्ही वेळा ती मेथी निवडत होती. फोन हिसकावून बंद करायला मला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण म्हटलं, विचारू दे की मला. एकदा तरी विचारू दे. मी पॅसेजमध्ये हाताची घडी घालून उभा राहिलो.

तिनं साहेबांनाच विचारलं, "साहेब, पाणी पिऊ का?"

"प्या. पण इथंच बसून."

मग तिनं त्यांना गुडघा कधीपासून दुखतो ते सांगितलं. लहानपणी विहिरीत पडली होती, ते सांगितलं. साहेब मान हलवत ऐकत होते. एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्या विहिरीबद्दल तिनं माझ्याजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात पॅसेज दोन फरश्यांचा उरला.

"घरात आणखी कोण आहे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. नजरेनंच, मागे व्हा, म्हणाली. "कुणी नाही, साहेब."

"नवऱ्याचं पूर्ण नाव?"

इथं मात्र मी निश्चिंत होतो. कुमुदनं माझं नाव एकदाच घेतलंय, लग्नात, उखाण्यात, तेही पुटपुटत. बँकेत, दवाखान्यात कुणी विचारलं की ती माझ्याकडे बोट दाखवते आणि नाव मी सांगतो.

तिनं सांगितलं. पहिल्याच फटक्यात, माझ्या वडिलांच्या नावासकट, खणखणीत.

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग छातीवर नावाची पट्टी लावली. ती माझ्या नावाची होती.

"कुमुद, बंद कर तो फोन!" मी ओरडलो. पायाखाली एकच फरशी राहिली होती.

"साहेब, कुणीतरी हाक मारतंय."

"कुणी तोतया असेल. नाव विचारा."

ती माझ्याकडे वळली. मीटर बघायला आलेल्या माणसाशी बोलावं तसं तिनं विचारलं, "नाव काय तुमचं?"

मी तोंड उघडलं. जिभेला नुसता टाळू लागला.

"त्यांना सांगता येत नाहीये," ती म्हणाली.

"मग लक्ष देऊ नका."

"बरं, अहो."

टेबलावर माझा चष्मा होता. तिनं तो उचलला, पदरानं दोन्ही काचा पुसल्या आणि मोबाइलवर साहेबांच्या डोळ्यांसमोर नीट बसवला.

"अहो," ती म्हणाली, "आता दिसते का मी?"