सात ठिकाणची एक ओळ

मी एक ओळ बोलतेय. दिसायला साधी, वाचायला सोपी आणि खरं सांगायचं तर पक्की लबाड. आधी मला ऐका, मग काय बोलायचं ते बोला: ‘आमच्याकडच्या कित्येक रुग्णांनी फिटच्या गोळ्या सोडल्या आणि त्यांना काहीही झालं नाही.’

माझा जन्म एका चूर्णवाल्याच्या दुकानात, माळ्यावर झाला. त्याच्या पुतण्याने चहा पिता पिता मला टाइप केलं. काका म्हणाला, “आपल्याकडे रुग्ण कुठले रे?” पुतण्या म्हणाला, “येतील की.” माझ्याखाली चूर्णाच्या बाटलीचा फोटो चिकटवला आणि मला दिलं इंटरनेटवर सोडून.

पुढे मला पाय फुटले. एकाने मला उचललं आणि बाटली तेवढी गाळली. दुसऱ्याने माझ्यापुढे ‘तज्ज्ञ सांगतात’ असं जोडलं. तेव्हा मी अशी काही मिरवले की विचारू नका. विणकामाच्या साइटवर गेले, गाड्यांच्या दुरुस्तीच्या साइटवर गेले, बघता बघता सात ठिकाणी बस्तान बसवलं. बाई, तू कुठली, असं एकानेही विचारलं नाही.

मग मी एका कॉलेजातल्या मुलीच्या फोनवर आले. तिची आई लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर कामाला. तिला फिट यायच्या. त्यावरच्या गोळ्यांनी दिवसभर पेंग यायची आणि मालक सगळ्यांदेखत बोलायचा. मुलगी काही बावळट नव्हती. एका ठिकाणी वाचून विश्वास ठेवणाऱ्यांतली तर नव्हतीच. तिने सातही जागा पाहिल्या आणि मगच मला आईला मोठ्याने वाचून दाखवलं.

“सगळीकडे हेच लिहिलंय, आई.”

“तू बघितलंस ना नीट? मग झालं,” आई म्हणाली आणि गोळ्यांची डबी तिने कपाटात मागे सारली.

आजवर लोकांनी मला वाचलं होतं, पुढे ढकललं होतं. माझं ऐकून कुणी खरोखर काही केल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. माझं धाबं दणाणलं. पण छापलेल्या ओळीला तोंड मिटता येत नाही.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या वाचनालयात तास होता. इंटरनेटवरची माहिती पारखायची कशी, हे ग्रंथपाल मॅडम शिकवत होत्या. “तुम्हाला अगदी पक्की वाटणारी एखादी गोष्ट द्या,” त्या म्हणाल्या. मुलीने हात वर केला. तिला शाबासकी हवी होती. मी पडद्यावर आले, हातभर मोठ्या अक्षरांत.

“सात ठिकाणी आहे, मॅडम. मी स्वतः पाहिलंय.”

“पाहिलंस ते बरं केलंस. आता सातही शेजारी शेजारी उघड.”

तिने उघडली. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “मॅडम, विणकामवाल्यांकडे रुग्ण कुठून आले?”

“गॅरेजमध्येपण आहेत की,” दुसरा म्हणाला. “तिथंही ‘आमच्याकडच्या’च.”

सगळा वर्ग हसला. मुलगी हसली नाही.

“सात जणींनी एकाच नळावर पाणी भरलं म्हणून नळ सात होत नाहीत,” मॅडम म्हणाल्या. “ही ओळ सगळ्यात आधी कुठे आली, ती तारीख शोध.”

मुलीने माउस हातात घेतला. एकेका साइटवरून ती मागे मागे जात राहिली आणि तिच्याबरोबर मीही फरपटत गेले. शेवटी ती बाटली आली. खाली लिहिलं होतं, ‘आजच मागवा.’

मुलगी उभी राहिली. “मॅडम, माझ्या आईने गोळ्या बंद केल्यात. मीच वाचून दाखवलं तिला.”

“आधी फोन लाव,” मॅडम म्हणाल्या.

रिंग वाजत राहिली. कुणी उचलला नाही. तिने पुन्हा लावला. मी त्याच फोनमध्ये होते आणि मला ती वाफ, ती तापलेली इस्त्री, त्यावरचा हात सारखा दिसत होता. तिसऱ्यांदा फोन उचलला गेला.

“अगं, कामावर फोन करू नको म्हटलंय ना?”

“आई, इस्त्री बंद कर. आधी खाली बस.”

“का गं? सकाळपासून हाताला झटके येतायत हे तुला कुणी सांगितलं?”

मॅडमनी पर्स उचलली, मुलगी दाराकडे धावली. जिना उतरता उतरता ती बोलत होती, “बसून राहा, मी येतेय. आपण डॉक्टरांकडे जातोय.”

“पण ते तर सगळीकडे लिहिलं होतं ना?”

“सगळीकडे नव्हतं, आई. एकाच ठिकाणी होतं.”

डॉक्टर खूप रागावले, पण मोठी फिट येण्याआधीच आई त्यांच्यासमोर बसलेली होती. गोळ्यांनी पेंग येते हे तिने त्यांना पहिल्यांदाच सांगितलं आणि त्यांनी औषध बदलून दिलं. मॅडमनी सातही जणांना लिहिलं. विणकामवाल्या बाईने मला काढून टाकलं आणि माफी मागितली. बाकीच्यांनी उत्तरही दिलं नाही.

म्हणून मी अजून आहे. आत्ता या क्षणी कुणाच्या तरी फोनवर चढतेय, कदाचित तुमच्याच. मला स्वतःला थांबता येत नाही, तुम्हीच थांबवा. घरच्यांना वाचून दाखवण्याआधी एकदा दरडावून विचारा, कुठली गं तू? ते मला सांगता येणार नाही. मग मला आत येऊ देऊ नका.