एकशे चौदा नंबरचा विणकर

मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी पाच मिनिटांत रिकामी होते.

लंडनच्या खेळमंडळाच्या नियमात लिहिले होते, की फुटबॉल खेळणाऱ्याने खेळण्याचे पैसे घेऊ नयेत.

स्कॉटलंडहून आलेल्या एका पाथरवटाच्या पेटीत एक छिन्नी होती, आईने विणलेले मोजे होते, आणि तळाला चामड्याच्या पट्ट्या ठोकलेले फुटबॉलचे बूट होते.

शनिवारी एक वाजता गिरणीचे इंजिन थांबायचे. दोन वाजता, सामन्याच्या वेळी, गावात एक मांजरही घरी नसायचे.

मित्रांनो, मी एक जुना माग आहे. इंग्लंडातल्या लँकशायरमधल्या क्लिदरशॉ गावच्या गिरणीतला, नंबर एकशे चौदा.

शेजारच्या गावातल्या ओतशाळेत माझे लोखंड ओतले गेले. गिरणीत आलो तेव्हा माझ्या अंगावरचा काळा रंग अजून ओला होता. अकरा वर्षे टॅबिथा एंट्विसल या बाईंनी मला चालवले. त्यांच्याकडे चार माग होते, त्यांतला मी भिंतीकडचा. "हा गुणी आहे, धागा तोडत नाही," असे त्या पाहुण्यांना सांगत. मी ते ऐकत असे आणि आणखी नीट चालत असे.

एका सोमवारी, इंजिन सुरू होण्याआधी, मुकादम क्रॅबट्री एका तरुण माणसाला घेऊन माझ्यापाशी आला.

"टॅबिथा, हा माग आजपासून या स्कॉटलंडच्या मर्डो गॅलब्रेथचा. आपला नवा विणकर."

"विणकर? परवा मैदानात तीन गोल मारले तोच ना हा?" टॅबिथाबाई म्हणाल्या. "मग धोटा काय लाथेने मारणार?"

बायका खो खो हसल्या. क्रॅबट्री खालच्या आवाजात म्हणाला, "मालकांचा हुकूम आहे, बाई. सकाळी तासभर तो इथं उभा राहील. मग तो सरावाला जाईल, आणि कापड तूच विणशील. नाव तेवढं त्याचं लागेल, म्हणजे खेळाचे पैसे विणकराचा पगार म्हणून देता येतील. चषक पाहिजे ना गावाला?"

चषक टॅबिथाबाईंनाही पाहिजे होता. त्यांनी सरकून त्याला माझ्यापाशी जागा करून दिली.

आता तुम्हाला आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. चारशे माग एकदम चालू लागले की कानापाशी ओरडलेलेही कळत नाही. म्हणून आमच्या बायका आवाज न करता नुसते ओठ हलवून बोलत. कोणाचे लग्न ठरले, कोणाचे दूध उतू गेले, सगळे या टोकापासून त्या टोकाला पोचत असे. विणकरांची मुले हे लहानपणीच शिकत. मर्डोला त्यातले अक्षरही कळत नव्हते. सभोवती शंभरेक माणसे बोलत होती, हसत होती, आणि तो मधोमध खांबासारखा उभा होता.

मग तो माझ्याशी बोलू लागला. त्या गदारोळात कोणी ऐकणार नव्हते, म्हणून मोठ्याने बोलायचा. "आईला लिहिलंय, मी इथं दगडच घडवतो. खोटं लिहिलं रे." एकदा म्हणाला, "बाराशे माणसं माझ्या नावाने ओरडतात. जेवताना शेजारी एकही बसत नाही."

मी लोखंडाचा. मी चालत राहिलो.

दहा महिन्यांनी लंडनच्या खेळमंडळाचे दोन साहेब चौकशीला आले. संघ चषकाच्या पाचव्या फेरीत पोचला होता. मर्डो खरा विणकर ठरला तर संघ पुढे जाणार होता, नाही तर खेळाचे पैसे दिले म्हणून बाद. ते आत शिरायच्या आधी टॅबिथाबाईंनी माझ्यातली कांडी बदलून ठेवली, आणि मर्डो हात माझ्या दांड्यावर ठेवून उभा राहिला.

टॅबिथाबाईंनी लांबून ओठ हलवले. दोघांतल्या म्हाताऱ्या साहेबाने ते पाहिले. खरा विणकर ओठ वाचतो, हे त्याने ऐकले होते. तो मर्डोच्या कानाशी वाकून ओरडला, "ती बाई काय म्हणाली?"

मित्रांनो, तो काहीही सांगू शकला असता. पाऊस येणार म्हणाली, पाव करपला म्हणाली. लंडनच्या साहेबांना कुठे ओठ वाचता येत होते? मुकादम मागून मान हलवत होता, सांग काहीतरी, सांग! मर्डोने टॅबिथाबाईंकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले.

नेमके तेव्हाच जेवणाच्या सुट्टीसाठी इंजिन थांबले.

"मला ठाऊक नाही," मर्डो म्हणाला. सगळ्या गिरणीने ऐकले. "दहा महिन्यांत या बाईंचा एक शब्द मला कळला नाही. हे कापड त्यांचं आहे. मी विणकर नाही, साहेब. मी फुटबॉल खेळतो. तेच माझं काम, आणि त्यावरच मी जेवतो."

"गाढवा!" क्रॅबट्री पुटपुटला.

संघ बाद झाला. तरी गावच्या इतर सामन्यांसाठी मालकांनी मर्डोला मागावर ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी मर्डो माझ्यापाशी आला तेव्हा टॅबिथाबाईंनी ओठ हलवून त्याला एकच शब्द ऐकवला, मुकादमाचाच. तो मात्र त्याला कळला.

दोन वर्षांनी लंडनचा नियम बदलला. खेळाचे पैसे उघड घ्यायची मुभा झाली. गावाने मर्डोला खांद्यावर घेतले आणि टॅबिथाबाईंनीही रुमाल हलवला म्हणे. मला हे ऐकूनच माहीत, कारण आता त्याला विणकर म्हणून उभे राहायची गरज उरली नव्हती. तो गिरणीत पुन्हा आला नाही. त्याचे खरे झाले याचा मला आनंद झाला. पण त्यानंतर माझ्याशी मोठ्याने कोणी बोलले नाही.

आता बाकीचे माग भंगारात गेले. मी तेवढा भिंतीकडे उरलो आहे. तेल नाही, धोटा कोणी उचलून नेला. मित्रांनो, माझ्यासाठी फार काही नको. पण तुमच्यात एखादा परका येऊन उभा राहिला, आणि तुमचे बोलणे त्याला कळत नसले, तर एक वाक्य त्याच्यासाठी मोठ्याने बोला.

पहिल्या सोमवारी, मला हात लावण्याआधी, मर्डोने मला मान देत डोक्यावरची टोपी काढली होती.